बसमधली चतुर्थी: इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं कशी शिकावीत

प्रश्न असा आहे: "मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता अकरावी सायन्सला आहे. जीवशास्त्रातले इंग्रजी शब्द तिच्या डोक्यावरून जातात. एकाने इंटरनेटवरून उतरवलेली ५०० लॅटिन मुळांची यादी दिली, रोज वीस पाठ करायची. महिना झाला, पण मागच्या आठवड्यातली वीस आज तिला आठवत नाहीत. लॅटिनचा खरंच उपयोग होतो का? की हे सगळं मूळ संस्कृतातूनच गेलंय, म्हणून संस्कृतच घ्यावं? मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, मला यातलं फार कळत नाही."

ती यादी तूर्त कपाटात ठेवा. टाकून देऊ नका, दोनेक वर्षांनी ती तिच्या कामाला येईल. आज तिचा उपयोग नाही, कारण त्यात नुसती मुळं आहेत, त्यांना फुटलेले शब्द नाहीत. लग्नाच्या मांडवात कुणी आपल्याला ओळीने वीस पाहुण्यांची नावं सांगितली तर किती लक्षात राहतात? हा नवरीचा मामा, ही त्याची सून, असं नातं कळलं की मगच चेहरा डोक्यात बसतो. शब्दांचंही तसंच आहे.

मी सोलापुरात २७ वर्षं इंग्रजी शिकवते. वर्गात मराठी माध्यमाची मुलं जास्त, त्यांतली बरीचशी घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी. सुरुवातीला मीही अशीच एक यादी झेरॉक्स काढून वाटली होती. पहिल्याच पानावर होतं, 'इन' म्हणजे नाही. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. पुढच्या चाचणीत एका मुलाने 'हायली इनफ्लेमेबल'चा अर्थ लिहिला: 'अजिबात न पेटणारे'. हे शब्द त्याने हैदराबाद रोडला पेट्रोलच्या टँकरवर वाचले होते. पोराचं काय चुकलं? मी शिकवलं तेच त्याने वापरलं. लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत, एक नकाराचा आणि दुसरा 'आत' या अर्थाचा. इनफ्लेमेबलमधला दुसरा आहे, म्हणजे झटकन पेट घेणारं. मी फळ्यावर 'विफल' आणि 'विज्ञान' असे दोन शब्द लिहिले आणि विचारलं, विज्ञान म्हणजे ज्ञान नसणं का रे? सगळा वर्ग हसला. दोन 'इन' त्यांना दोन मिनिटांत कळले, आणि त्यासाठी लॅटिनचं एक पानही लागलं नाही.

तेव्हापासून मी शिकवण्याची दिशा फिरवली. मराठी शिकलेल्या मुलाकडे लॅटिन शब्द उलगडायची हत्यारं आधीच असतात. शाळेच्या व्याकरणात उपसर्ग झालेला असतो, संधी झालेला असतो, तत्सम-तद्भव झालेलं असतं. परीक्षा संपली की ते पुस्तक रद्दीत जातं, एवढंच. तुमच्या मुलीला ते पुस्तक परत काढायला सांगा.

उपसर्गाबद्दल एक जुना श्लोक आहे: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥ उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. 'हृ' धातू एकच, पण प्रहार डोकं फोडतो आणि आहार पोट भरतो. आता लॅटिनचा 'पोर्ट' घ्या, वाहून नेणे. आत वाहून आणलं की इंपोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, इकडून तिकडे नेलं की ट्रान्सपोर्ट. बातमी परत वाहून आणली तर रिपोर्ट. खालून तोलून धरलं तर सपोर्ट. तुमच्या कारखान्यात एक्स्पोर्टला मराठीत निर्यात म्हणतात, त्या शब्दाची शिवण उसवून बघा: निर् अधिक यात, 'या' म्हणजे जाणे. आ-यात, निर्-यात. तोच सांगाडा. काही उपसर्ग तर नात्यातलेच आहेत: लॅटिन 'प्रो' आणि आपला 'प्र', 'सुपर' आणि 'उपरि', 'सब' आणि 'उप', 'इंटर' आणि 'अंतर्'. इंटरनॅशनलला आंतरराष्ट्रीय म्हणताना आपण अर्थाबरोबर उपसर्गही जवळजवळ तोच ठेवला आहे.

संधीचा फायदा याहून मोठा आहे, कारण त्यातून स्पेलिंग सुटतं. इलीगलमध्ये दोन एल का? 'इन' अधिक 'लीगल', पुढच्या एलने मागच्या एनला आपल्यासारखं करून घेतलं. आपण तत् अधिक लीन म्हणजे तल्लीन करतो, तेच. सत् अधिक जन सज्जन, उत् अधिक ज्वल उज्ज्वल. दोनदा ज येतो तो का, हे मुलांना माहीत असतं, पण इंग्रजीच्या तासाला ते ज्ञान दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवतात. 'कॉम' म्हणजे सह. तो एलपुढे आला की कलेक्टमध्ये दोन एल, आरपुढे आला की करेक्टमध्ये दोन आर. 'अ‍ॅड' म्हणजे कडे. अट्रॅक्टमध्ये दोन टी, अफेक्टमध्ये दोन एफ. 'ऑब' एफपुढे आला की ऑफर. वरच्या सपोर्टमध्ये दोन पी आहेत, कारण तो 'सब' अधिक 'पोर्ट' आहे. आणि अकोमोडेशन! अक्कलकोट-पंढरपूरच्या वाटेवरच्या लॉजच्या पाट्या वाचत जा, कितीतरी ठिकाणी एक एम गायब असतो. 'अ‍ॅड' अधिक 'कॉम' अधिक 'मोड', असे तीन डबे जोडले की दोन सी आणि दोन एम आपोआप येतात. हे एकदा समजलेलं मूल मी पुन्हा चुकताना पाहिलेलं नाही. बाकी कशासाठी नाही तरी एवढ्यासाठी लॅटिनकडे बघावं, असं माझं मत आहे.

आता संस्कृतचा प्रश्न. लॅटिन संस्कृतातून आलं नाही, आणि संस्कृतही लॅटिनमधून आलं नाही. दोघी बहिणी आहेत. त्यांच्या आईचं एकही लिखित अक्षर उरलेलं नाही, पण मुलींचे चेहरे ताडून पाहून ती कशी असेल याचा अंदाज अभ्यासकांनी बांधला आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, तिन्हींचा उगम एकच असावा, आणि ती भाषा कदाचित आता अस्तित्वात नसेल.

हे वर्गात पटवून द्यायला सोलापूरइतकं चांगलं गाव नाही. मी फळ्यावर चार रकाने करते. पहिल्यात संस्कृत: सप्त, अष्ट, नव, दश. दुसऱ्यात लॅटिन: सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, देकेम. (लॅटिनमध्ये सी या अक्षराचा उच्चार क.) मग तेलुगू घरातल्या मुलीला उठवते, ती सांगते: येडु, एनिमिदि, तोम्मिदि, पदि. कन्नड घरातला मुलगा: एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. चार रकाने शेजारी-शेजारी आले की काही सांगावं लागत नाही. पहिले दोन एका घरातले, शेवटचे दोन दुसऱ्या घरातले. पूर्व भागातली तेलुगू मुलं आणि मराठी मुलं एकाच गल्लीत वाढलेली, एकमेकांची भाषा बोलणारी, तरी आकड्यांची नाळ वेगळी. आणि रोम कुठल्या कुठे, तरी त्याचं 'ऑक्टो' आपल्या अष्टाशी जुळतं. एवढ्यात कुणीतरी विचारतंच, मॅडम, मग ऑक्टोबर दहावा महिना कसा? रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई. मार्चपासून बोटं मोजा, सप्टेंबर सातवा येतो आणि डिसेंबर दहावा. पुढे वर्षाची सुरुवात जानेवारीवर गेली, नावं मात्र जुनीच राहिली.

नातं आहे म्हणून वाटेल ते नातं जोडू नये, हेही तिला सांगा. नेव्हिगेशन हा शब्द 'नवगती'वरून आला, असा मेसेज दर सहा महिन्यांनी कुणीतरी मला पाठवतंच. तो शब्द लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे यांचा आहे. यातल्या नाविसची खरी बहीण संस्कृतमध्ये आहेच, 'नौ'. खरं नातं घरात असताना खोटी वंशावळ कशाला काढायची?

जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलात तर ही बहिणींची ओळख फार उपयोगी पडते. लॅटिन ओकुलुस आणि आपला अक्षि, म्हणून ऑक्युलर. डेन्स आणि दंत, म्हणून डेंटल. नासुस आणि नासा, म्हणून नेझल. ओस आणि अस्थि, गेनु आणि जानु (आजानुबाहूतला), पेस आणि पाद, कोर आणि हृद्. 'विरुस' म्हणजे विष, आणि नुसता अर्थच तसा नाही, शब्दही विषाचाच भाऊ आहे. मसल म्हणजे 'मुस्कुलुस', छोटा उंदीर! दंड फुगवला की कातडीखाली जे सरकतं ते रोमन लोकांना उंदरासारखं दिसलं. लॅटिन 'मूस', संस्कृत 'मूषक'. गणपतीच्या वाहनाने तिला दंडाचे स्नायू लक्षात राहिले तर बिघडलं कुठे? व्हॅक्सिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय आहे, कारण १७९६ साली एडवर्ड जेन्नरने देवीवर जी लस टोचली ती गाईच्या देवीची होती. इम्युनिटीचं मूळ दवाखान्यातलं नाहीच. 'मुनुस' म्हणजे नगराप्रती असलेलं कर्तव्य. त्यातून सूट मिळालेला माणूस 'इम्युन'. म्युनिसिपालिटीतही हाच मुनुस बसला आहे, म्हणून घरपट्टी भरताना इम्युनिटी नसते असं मी वर्गात सांगते. ही माझी जुनी कोटी, मुलं सहन करतात.

एक खबरदारी घ्या. जीवशास्त्रात लॅटिनइतकंच ग्रीक आहे. कार्डियाक, हेपॅटिक, 'डर्मा' आणि शब्दांच्या शेवटी येणारा 'लॉजी', हे सगळं ग्रीक. तुमच्या यादीत हे दोन्ही एकत्र असणार, बहुतेक याद्यांत असतात.

तिला हे शब्द परके का वाटतात, याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते समजलं की अर्धी भीती जाते. इंग्रज माणूस घरात डोळ्याला आय म्हणतो, दाताला टूथ. हे त्याच्या घरचे शब्द, लॅटिनमधून आलेले नाहीत. पुस्तकात विशेषण करायची वेळ आली की तो लॅटिनकडे धावतो: ऑक्युलर, डेंटल. सूर्याला सन, पण सोलर. चंद्राला मून, पण ल्युनर. विचित्र वाटतं? दवाखान्यांच्या गल्लीतून एक चक्कर मारून या. दुखतो आपला दात, पण पाटी दंतवैद्याची. मोडतं हाड, पण डॉक्टर अस्थिरोगतज्ज्ञ. डोळे आले म्हणून आपण जातो ते नेत्ररोगवाल्यांकडे. आपण रोजच्याला मराठी आणि पाटीला संस्कृत वापरतो, इंग्रजी रोजच्याला आपलं वापरते आणि पाटीला लॅटिन. तुमची मुलगी पाट्यांचं इंग्रजी शिकते आहे, म्हणून ते जड वाटतं.

तत्सम आणि तद्भव इथेच कामाला येतात. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांची भाषा फ्रेंच, आणि फ्रेंच म्हणजे लोकांच्या तोंडी झिजलेलं लॅटिन. हे झिजलेले शब्द इंग्रजीत शिरले. पुढे काही शतकांनी पंडितांनी पुस्तकांतून तेच शब्द कोरे करकरीत पुन्हा उचलले. आपल्याकडे हस्त आणि हात, कर्ण आणि कान, कर्म आणि काम अशा जोड्या आहेत तशाच तिकडे झाल्या. लॅटिन 'फ्रागिलिस'चा झिजून फ्रेल झाला, कोरा राहिला तो फ्रॅजाइल. 'कोम्पुतारे' म्हणजे हिशेब करणे, झिजून काउंट, कोरा कॉम्प्युट. 'रेगालिस' झिजून रॉयल, कोरा रीगल, आणि त्याच्या मुळाशी असलेला 'रेक्स' आपल्या राजाचा सख्खा. बटव्यातली झिजलेली आणि टांकसाळीतून आलेली, नाणी दोन्ही एकाच छापाची.

काही लॅटिन तर घरात पडून असतं. औषधाची चिठ्ठी काढा. वर डाव्या कोपऱ्यात शेपटी कापलेला आर असतो. तो 'रेकिपे', म्हणजे 'घे'. (स्वयंपाकाची रेसिपी ती हीच, आधी औषधाची होती, मग चुलीवर गेली.) गोळीपुढे ओडी असेल तर 'ओम्नि दिए', दररोज. बीडी म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', तीनदा घ्यायचं. एचएस म्हणजे 'होरा सोम्नि', झोपायच्या वेळी. संस्कृतवाल्याच्या कानाला हे परकं नाही: बिस म्हणजे द्विः, तेर म्हणजे त्रिः, दिएस आणि दिवस, सोम्नुस आणि स्वप्न. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने उभा जन्म विड्या वळण्यात घालवला. तिच्या चिठ्ठीवर हा वाचून दाखवतो, "आजी, बीडी लिहिलीय." आजी म्हणाली, "डॉक्टरला सांग, वळून वळून बोटं गेली, आता वडायला पण लावतो का?" तेव्हापासून त्या वर्गात बिस दिए कुणी विसरलं नाही. टीडीएसचा दुसरा अर्थ तुम्हाला पगाराच्या स्लिपवर भेटला असेल, त्याचा या तेरशी संबंध नाही.

बस हा माझा सगळ्यात लाडका शब्द. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात भाड्याने प्रवासी नेणारी घोडागाडी निघाली, तिला 'ओम्निबुस' म्हणू लागले. १८२९ साली ती लंडनला आली. 'ओम्निस' म्हणजे सर्व, 'ओम्निबुस' म्हणजे सर्वांसाठी. लोकांनी कंटाळून पुढचा भाग गाळला आणि नुसतं शेपूट ठेवलं. आता शेपूट काय आहे? विभक्तीचा प्रत्यय. संस्कृतात 'सर्वेभ्यः' म्हणतो ना आपण, चतुर्थीचं बहुवचन, त्यातला 'भ्यः' आणि लॅटिनचा 'बुस' एकाच मुळाचे. संस्कृतात हा प्रत्यय चतुर्थीला लागतो तसाच पंचमीलाही, लॅटिनमध्येही अगदी तेच. म्हणजे स्टँडवर उभी असलेली ती लालपरी व्याकरणाने पाहिलं तर नुसता एक प्रत्यय आहे, ना धातू ना शब्द. स्तोत्रं म्हणताना 'भ्यः' कुठे येतो ते मी लहानपणी शोधत नसे. आता बसमध्ये बसल्यावर आठवतो.

तुम्ही टॉवेलच्या धंद्यात आहात, तर मागाचे शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या कापडाला आपण म्हणतो टेक्स्टाइल. लॅटिन 'टेक्सेरे' म्हणजे विणणे. टेक्स्ट म्हणजे विणलेलं. शाळेतल्या धड्याला टेक्स्ट का म्हणतात, तर शब्दाला शब्द विणून केलेला. टेक्श्चर म्हणजे विणीचा पोत. कॉन्टेक्स्ट म्हणजे जिच्यात तो धागा गुंफलाय ती आजूबाजूची वीण. जीवशास्त्रातला टिश्यू फ्रेंचमधून झिजून आलेला, तोही विणलेला, पेशींनी. संस्कृतात याच मुळाचा 'तक्ष्' आहे, तासणे, घडवणे. आपल्याकडे तो सुताराकडे गेला, रोमन लोकांनी विणकराला दिला.

याच घरातला सट्ल, म्हणजे सहज लक्षात न येणारा, सूक्ष्म. 'सब' म्हणजे खाली आणि 'तेला' म्हणजे मागावरचा ताणा. ताण्याच्या खालून जाणारा इतका बारीक धागा की नजरेत भरू नये, तो सट्ल. यंत्रमागाशेजारी कधी उभे राहिलात तर धोटा दिसतो, आवाज कानठळ्या बसवतो, पण आडवा धागा कुठल्या क्षणी खालून गेला ते डोळ्याला सापडत नाही. त्या शब्दातला न उच्चारला जाणारा बी मुलांना छळतो. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात तो बी नव्हता. पंडितांना लॅटिन आठवलं आणि त्यांनी लिहिताना तो परत घातला. डेटमधला (कर्ज या अर्थाच्या) आणि डाउटमधला बी असाच बसवलेला, रिसीटमधला पी तसाच. आयलंडमध्ये तर चुकून एस घातला. तो शब्द मूळचा इंग्रजी घरातला, पण लॅटिन 'इन्सुला'शी नातं असेल असं समजून त्याच्या गळ्यात एस बांधला तो कायमचा. मुलांना मी सांगते, सायलेंट अक्षरावर चिडू नका, कुणाची तरी विद्वत्ता आहे ती.

ऑर्डर हा शब्दही मागावरचाच. 'ओर्डिरि' म्हणजे विणायला सुरुवात करणे, ताणा लावणे, आणि 'ओर्डो' म्हणजे ओळीने लावलेले धागे. लाईन म्हणजे 'लिनेआ', 'लिनुम'चा दोरा. लिनुम म्हणजे जवस! ज्याच्या बियांची चटणी आपण भाकरीवर घेतो त्याच झाडाच्या देठाचा धागा काढून लिनन करतात, आणि तो ताणून धरला की सरळ रेघ दिसते. लाईट गेल्यावर आपण लाईनमनला फोन करतो तेव्हा शब्दाच्या तळाशी जवसाचं शेत आहे.

एक सापळा सांगते, तो फक्त देवनागरीत लागतो. सोलापूरकरांना मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, शिकवावा लागत नाही. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर तो लादला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. या मार्शलमध्ये 'मार्स' आहे, रोमनांचा युद्धदेव, ज्याच्या नावाचा मार्च महिना. पण फील्ड मार्शलमधला मार्शल वेगळा. त्याचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आणि मूळही लॅटिन नाही, ते जर्मन कुळातलं: घोड्यांचा नोकर, म्हणजे मोतद्दार. मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून मूळ शोधताना आधी स्पेलिंग बघायचं.

मूळ सापडलं म्हणजे आजचा अर्थ सापडला असं समजू नये. मॅन्युफॅक्चर म्हणजे 'मानुस' हात आणि 'फाकेरे' करणे, हाताने केलेलं. तुमच्या खोक्यावर तो शब्द छापलेला असतो आणि आत यंत्रमागाचा माल. कॅन्डिडेट हा 'कान्दिदुस' म्हणजे शुभ्र यावरून आला, कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस अंगावरचं वस्त्र खडूने पांढरंफेक करून फिरे. (आपल्याकडच्या उमेदवारांना हे कुणी सांगितलं नसेल, तरी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे त्यांना बरोबर सुचले.) सॅलरीत 'साल' म्हणजे मीठ आहे हे खरं. पण रोमन शिपायांना पगार म्हणून मिठाच्या पिशव्या देत, ही गोष्ट मी वर्गात सांगणं सोडलं, कारण तिला पुरावा नाही. 'सालारियुम' हा भत्ता होता, आणि त्याचा मिठाशी नेमका संबंध काय यावर अजून तर्कच चालतात. पुस्तकांत मात्र ती गोष्ट ठोकून दिलेली असते. सॅलड आणि सॉस मात्र नक्की खारवलेले.

त्यापेक्षा आपला पगार शब्द जास्त गमतीचा. तो पोर्तुगीजांकडून मराठीत आला, आणि त्यांच्याकडे लॅटिन 'पाकारे'तून, म्हणजे शांत करणे. इंग्रजी पे त्याच शब्दाचा फ्रेंचमार्गे आलेला भाऊ. सात तारखेला घरी गेल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मी समजावत नाही. पाव हाही पोर्तुगीजच, लॅटिन 'पानिस' म्हणजे रोटी. आता कंपनी उलगडा: 'कॉम' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे रोटी. एका रोटीतले सोबती. सुट्टीत डबा उघडून शेंगाचटणी-भाकरी चौघांत फिरते, ती शब्दाच्या मूळ अर्थाने कंपनी. गेटवर पाटी असते ती नंतरची.

आता कामाचं. आठवड्याला एकच मूळ घ्या. दोनशे पानी वहीचं एक पान एका मुळाला, वर मूळ, मधे तिने स्वतः पुस्तकात पाहिलेले शब्द, खाली संस्कृत-मराठीतलं नातेवाईक सापडलं तर ते. यादीतून शब्द उतरवायचे नाहीत, भेटलेलेच लिहायचे. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात व्युत्पत्ती चौकटी कंसात दिलेली असते, ती वाचायची सवय लावा. फाकेरे, फेरे, डुकेरे (पुढे नेणे), व्हर्टेरे ही चार मुळं आधी घ्या, त्यांना फुटवे फार. फेरे म्हणजे वाहणे, आपल्या भार-भरणमधल्या 'भृ'ची बहीण: ट्रान्सफर, रेफर, डिफर. व्हर्टेरे म्हणजे वळणे, परिवर्तन-आवर्तनमधला 'वृत्': कन्व्हर्ट, व्हर्जन. मूळ शब्दात शिरलं की त्याचा स्वर बदलतो, फाकेरेचा ऑफिसमध्ये 'फिक' होतो आणि परफेक्टमध्ये 'फेक', म्हणून एकाच रूपाचा हट्ट धरू नका. संस्कृत घ्यायचं की नाही, हे तिच्या आवडीवर सोडा. या कामापुरतं दहावीचं मराठी व्याकरण पुरतं.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास मीच देते. कारखान्यातलं एक रिकामं खोकं घरी न्या आणि त्यावर छापलेले सगळे इंग्रजी शब्द तिला उतरवायला लावा. एक्स्पोर्ट, क्वालिटी, क्वांटिटी, मॅन्युफॅक्चर्ड, हंड्रेड परसेंट कॉटन, टॉवेल, असं काहीबाही असेल. परसेंटमधल्या 'केन्टुम'ची संस्कृत बहीण तिने शोधायची, ती सोपी आहे, तिचे शंभर रुपये माझ्याकडून लावा. आणि या शब्दांत तीन असे आहेत जे लॅटिनमधून आलेले नाहीत. एक अरबीतून आलाय, दोन जर्मन कुळातले. ते कुठले, हे तिलाच सांगू द्या.